डॉक्टर केवढ्याला पडतो?

आमचे भावोजी एका बँकेत हेड कॅशियर आहेत. जन्मभर दुसऱ्यांच्या नोटा मोजल्यामुळे त्यांना एक सवय जडली आहे. कोणतीही वस्तू दिसली की ते आधी तिची किंमत विचारतात आणि मग ती चांगली की वाईट ते ठरवतात. माझ्या एकुलत्या एका पुस्तकाची प्रत मी त्यांना मोठ्या उमेदीने दिली, तेव्हा त्यांनी मुखपृष्ठ पाहिले नाही की अर्पणपत्रिका पाहिली नाही. सरळ पाठीमागची किंमत पाहिली आणि म्हणाले, "कागदाच्या मानानं बरी आहे." तेव्हापासून त्यांच्या प्रश्नांना मी जरा बिचकूनच असतो.

गेल्या वर्षी श्रावणात एका रविवारी ही मंडळी साताऱ्याहून आमच्याकडे पुण्याला आली. ताई, भावोजी आणि भाची. एरवी भाची घरात शिरली की आधी स्वयंपाकघरात जाऊन मामीच्या डब्यांची झडती घेते. त्या दिवशी ती मुकाट्याने खिडकीशी जाऊन बसली. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचा निकाल लागला होता. गुण वाईट नव्हते. आमच्या काळी एवढ्या गुणांवर गावात हत्तीवरून साखर वाटली असती! परंतु सरकारी महाविद्यालयाचे दार ज्या आकड्याला मिटले, त्या आकड्याच्या अकरा गुण अलीकडे ती उभी होती. अकरा गुण म्हणजे तीनच प्रश्न. तीन प्रश्नांनी सबंध घराचा श्रावण बेचव करून टाकला होता.

जेवणे झाली. भावोजींनी पिशवीतून हिशेबाची वही काढली. त्यांच्या टपोऱ्या अक्षरांत एका पानावर चार नोंदी होत्या. सरकारी महाविद्यालय : वर्षाला लाख-दीड लाख. खासगी महाविद्यालय : आठ-दहा लाखांपासून पुढे. अभिमत विद्यापीठ : वीस ते पंचवीस लाख. परदेश, म्हणजे रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान वगैरे : सगळी वर्षे मिळून तीस-चाळीस लाख. परदेशाच्या नोंदीवर ताईने स्वतःच्या हाताने काट मारली होती. २०२२ साली युक्रेनमधून हजारो मुले तळघरांतून, बर्फातून जीव मुठीत धरून परतली, ती दृश्ये तिने दूरदर्शनवर पाहिली होती. त्यानंतर कोणी कितीही स्वस्ताई सांगितली तरी ती बधणार नव्हती.

मुलींची फी माफ करण्याचा सरकारी निर्णय २०२४ सालीच झाला होता. पण त्याला वर्षाच्या ८ लाख उत्पन्नाची अट होती, शिवाय प्रवर्गाचीही. भावोजी दोन्ही बाजूंनी बाहेर. सवलतीच्या अलीकडे आणि ऐपतीच्या पलीकडे अशी जी अरुंद पायवाट आहे, तिच्यावरून चालणाऱ्या लोकांनाच आपल्याकडे मध्यमवर्ग म्हणतात.

वहीच्या पुढच्या पानावर जमेची बाजू होती. प्रॉव्हिडंट फंड, ताईच्या पाटल्या आणि गावाकडची वडिलार्जित दोन एकर जमीन. त्याखाली एक ओळ : 'उरलेले कर्ज'.

"हे बघ," भावोजी म्हणाले, "पंचवीस लाखांप्रमाणे साडेचार वर्षांची एक कोटीच्या वर फी झाली. सगळंच कर्ज काढलं असं धर. दहा टक्क्यांनी वर्षाचं नुसतं व्याज १० लाख, म्हणजे महिन्याला ८३ हजार. मुद्दल जागच्या जागी. पोरगी डॉक्टर होऊन पहिल्या नोकरीला लागली तर पगार व्याजालाच पुरणार नाही. हे मला कळतं. मला कळत नाही ते वेगळंच आहे. पुस्तकं तीच, परीक्षा तीच, पदवी तीच. मग एका ठिकाणी किंमत दीड लाख आणि दुसऱ्या ठिकाणी पंचवीस लाख, हे कसं? तू कॉलेजात शिकवतोस. मला एवढंच सांग, एक डॉक्टर तयार करायला खरोखर लागतात किती? डॉक्टर केवढ्याला पडतो?"

मी मराठी शिकवतो. माझ्या वर्गात एक विद्यार्थी घडवायला एक खडू आणि माझा घसा एवढेच भांडवल लागते. तरीपण भावोजींसमोर 'ठाऊक नाही' म्हणण्याची लाज वाटली. "चौकशी करून सांगतो," असे म्हणून मी सुटका करून घेतली.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्राध्यापक-कक्षात मी हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या एका सहकाऱ्यासमोर ठेवला. वस्तूचा उत्पादनखर्च कसा काढावा हाच विषय हे गृहस्थ गेली वीस वर्षे शिकवीत आहेत. मला वाटले, ते कागद घेऊन चटकन बेरीज मांडतील. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि उलट मलाच विचारले, "तुमच्या घरी लोणी कढवतात का हो?"

"कढवतात. का?"

"चार लिटर दूध आणलं. तापवलं, विरजलं, घुसळलं. लोणी निघालं आणि ताक निघालं. दुधाचे पैसे, गॅसचे पैसे, घुसळणाऱ्या हातांचे श्रम. आता सांगा, लोणी केवढ्याला पडलं आणि ताक केवढ्याला?"

मी गप्प बसलो.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "कारण घुसळण एकच असते. आपल्या आज्या ताक शेजारीपाजारी फुकट वाटत. म्हणजे हिशेबाच्या भाषेत त्यांनी सगळा खर्च लोण्याच्या नावावर टाकलेला असे. उद्या एखादा ताकवाला बसला, तर तो काही खर्च ताकावर टाकील आणि लोणी स्वस्त दाखवील. दोघेही खोटं बोलत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयाचं तसंच आहे. शंभर विद्यार्थी घ्यायचे तर नियमाप्रमाणे चारशेच्या वर खाटांचं रुग्णालय चालतं ठेवावं लागतं. त्या रुग्णालयातून बरा झालेला रोगीही निघतो आणि शिकलेला डॉक्टरही निघतो. रात्री दोन वाजता सलाईन बदलणाऱ्या परिचारिकेचा पगार कुणाच्या नावे लिहायचा? रोग्याच्या की विद्यार्थ्याच्या? शस्त्रक्रिया करता करता शेजारी उभ्या असलेल्या पोरांना चार गोष्टी समजावून सांगणाऱ्या सर्जनचा पगार? क्ष-किरणाचं यंत्र, रक्तपेढी, धुलाई, भटारखाना?"

मग त्यांनी दिल्लीच्या 'एम्स'चे उदाहरण सांगितले. ही संस्था १९५६ सालची. तिथे एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्याकडून घेतले जाणारे शिक्षणशुल्क कित्येक वर्षे २ हजार रुपयांच्या आत राहिले आहे. पुण्यात एवढ्या पैशांत चौघांचे हॉटेलातले जेवण होत नाही. आणि काही वर्षांपूर्वी तिथल्याच एका अभ्यासात एक विद्यार्थी डॉक्टर होईपर्यंत संस्थेचा किती खर्च होतो याचा आकडा निघाला, तो सुमारे १ कोटी ७० लाख रुपये!

"म्हणजे भावोजींना हाच आकडा सांगू?" मी विचारले.

"सांगा, पण अर्धाच सांगितला असं होईल. असा आकडा काढताना रुग्णालयाचा किती भार विद्यार्थ्यावर टाकला, त्यावर तो फुगतो किंवा आटतो. दुसरी एक रीत आहे. उद्या सगळे विद्यार्थी घरी पाठवून दिले तर रुग्णालयाचा खर्च किती कमी होईल, ते बघायचं. गंमत अशी, की तो फारसा कमी होणारच नाही. उलट वाढेल! कारण इंटर्न आणि निवासी डॉक्टर विद्यावेतनावर अहोरात्र राबतात. ते गेले तर त्यांच्या जागी पूर्ण पगाराची माणसं नेमावी लागतील. तेव्हा या रीतीनं शेवटच्या वर्षांतला विद्यार्थी खर्चाचा नव्हे, मिळकतीचाच निघायचा."

"मग खरा आकडा कोणता?"

"विचारणारा कोण त्यावर आहे. विद्यार्थ्याकडून फी वाढवून घ्यायची असेल तेव्हा तो लोणी. रोग्यांसाठी देणगी किंवा अनुदान मागायचं असेल तेव्हा तो ताक."

हे ऐकून मी घरी आलो ते डोक्यात घुसळण घेऊनच. माझा धंदा जुनी कागदपत्रे उपसण्याचा. चार-सहा दिवस मी इतिहासात घालवले आणि एका गोष्टीने चकित झालो. हा प्रश्न पूर्वी अगदी उलटा होता. १८३५ साली कलकत्त्याला वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांनी फी भरायची नव्हती. सरकारच त्यांना दरमहा ७ ते १२ रुपये विद्यावेतन देत होते. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांनी रुग्णालयासाठी १ लाख रुपये देऊ केले आणि १८४५ साली त्या रुग्णालयाच्या जोडीने ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आपले डॉ. भाऊ दाजी लाड हे तिथून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले. १९२६ साली परळला सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या नावाने महाविद्यालय निघाले. त्यासाठी पैसा देणाऱ्यांची अट काय होती? तिथले अध्यापक भारतीयच असले पाहिजेत, ही. देणगीला अट होती, पण ती स्वाभिमानाची होती.

त्या काळी दुधाचे पैसे दानशूर सावकार आणि सरकार यांनी मिळून दिले आणि लोण्यासकट ताकही समाजात वाटून टाकले. विद्यार्थ्याच्या बापाने सगळे दूध विकत घ्यावे ही कल्पना मागाहून आली. १९५३ साली मणिपालला डॉ. टी. एम. ए. पै यांनी खासगी वैद्यकीय महाविद्यालय काढले. सरकारी जागा अपुऱ्या पडत होत्या आणि पुष्कळांना ही वाट उपयोगी पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रानेही विनाअनुदानित महाविद्यालयांना दार उघडून दिले आणि मग ऊस पिकणाऱ्या गावांतून रुग्णालयांच्या इमारती उठू लागल्या. त्यांच्यामुळे कित्येक तालुक्यांना पहिल्यांदा क्ष-किरण यंत्र दिसले हे खरे. आणि त्यांच्याच मागच्या दाराने 'कॅपिटेशन' हा शब्द मराठी घरांत शिरला हेही खरे. १९८७ साली राज्याला त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

पुढे न्यायालये. १९८९ च्या कर्नाटकातल्या एका आदेशाने सरकारी वाट्याच्या जागेला वर्षाचे २ हजार, राज्यातल्या इतर विद्यार्थ्यांना २५ हजार आणि बाहेरच्यांना ६० हजारांपर्यंत अशी फी ठरवली. त्यावर मोहिनी जैन नावाच्या विद्यार्थिनीने दाद मागितली आणि १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने कॅपिटेशन बेकायदा ठरवले. १९९३ साली 'मोफत' जागा आणि 'पैशाच्या' जागा अशी वाटणी आली. २००२ साली अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने तीही मोडली आणि संस्थेने विस्तारापुरते वाजवी शिल्लक टाकावे, नफेखोरी मात्र करू नये, असे सांगितले. आता 'वाजवी' म्हणजे किती? पुन्हा ताक आणि लोणी! तेव्हापासून फी ठरवणाऱ्या समित्या बसल्या आहेत आणि दरसाल घुसळीत आहेत.

एवढी सगळी टिपणे काढून मी समाधानाने पाठीला उशी लावली. भावोजींना सांगण्यासारखे माझ्याजवळ बरेच काही जमले होते. आणि त्याच रात्री मला आई आठवली.

ते १९९३ साल होते. मी तेरा वर्षांचा होतो. लहानपणी आलेल्या संधिवाताच्या तापाने आईच्या हृदयाची एक झडप आकसली होती. तिला दोन जिने चढवेनात. साताऱ्याच्या डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितले आणि वडिलांनी तिला एका मोठ्या सरकारी रुग्णालयात भरती केले. आम्ही लालबागला काकांच्या खोलीत उतरलो होतो. शाळेला सुट्टी होती, म्हणून सकाळी डबा घेऊन जायचे काम माझ्याकडे असे.

रोज सकाळी नऊच्या सुमाराला पांढऱ्या डगल्यांतली मुले यायची. दहा-बारांची एक टोळी, ती गेली की दुसरी. आईच्या हृदयाचा आवाज म्हणे पुस्तकात दिलेला असतो तसा हुबेहूब होता. तो ऐकायचा तर रोग्याला डाव्या कुशीवर वळवावे लागते, श्वास सोडून थांबायला सांगावे लागते. "मावशी, डाव्या कुशीवर वळा. आता श्वास सोडा. थांबा." आई वळायची. एक झाला, दुसरा यायचा. थंडगार नळी छातीला लागली की ती दचकायची. पुन्हा वळायची. पदर सावरायची. पुन्हा वळायची. एका सकाळी मी मोजले होते, एकतीस वेळा.

एकदा वडिलांनी चाचरत एका कर्मचाऱ्याला विचारले, "इतक्या जणांनी बघायची गरज असते का हो? तिला दम लागतो." तो काही वाईट माणूस नव्हता, कामाने पिचलेला होता. तो म्हणाला, "फुकट पाहिजे ना? मग पोरांना शिकू द्या की!"

वडील मान खाली घालून परत आले. त्यांच्या जुन्या कागदांत त्या तीन आठवड्यांच्या पावत्या अजून आहेत. रक्कम इतकी लहान, की आज तेवढ्यात टॅक्सीदेखील परळहून लालबागला नेणार नाही. मी कित्येक वर्षे तो आमच्यावरचा सरकारचा उपकार समजत आलो. त्या रात्री मात्र मला कळले, की त्या कर्मचाऱ्याने रागाच्या भरात जे सांगितले ते रुग्णालयाचे खरे दरपत्रक होते. कोणत्याही फलकावर ते लिहिलेले नसते. आईने पैसे भरले होते; फक्त ते नोटांत नव्हते. एकतीस वेळा कुशीवर वळून भरले होते. आणि त्या सौद्याला तिची संमती कोणी विचारली नव्हती.

एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या पोरांत एक उंच, किडकिडीत मुलगा होता. तो नळीचे टोक आधी आपल्या तळहातात धरून गरम करायचा आणि मग लावायचा. एके दिवशी आई त्याला म्हणाली, "बाबा रे, इतक्या जणांनी ऐकलं. मला कुणी सांगितलं नाही, आत ऐकू येतं काय ते." तो पोरगा क्षणभर बावरला. मग त्याने नळीची दोन्ही टोके आईच्या कानांत घातली आणि तिच्याच छातीवर नळी धरून दिली. आई डोळे मिटून ऐकत राहिली. म्हणाली, "अगंबाई! हे तर जातं घरघरतंय." तो मुलगा हसला आणि त्याने ते आपल्या टिपणवहीत लिहून घेतले. पुढे मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन आईची झडप उघडली. त्यानंतर ती अकरा वर्षे जगली; जिने चढली, ताईचे लग्न तिने उभ्याने पार पाडले.

आईच्या त्या झडपेवर शिकलेले डॉक्टर आज पन्नाशीच्या घरात असतील. कोणी मुंबईत असेल, कोणी अमेरिकेत. त्यांच्यापैकी कोणाच्याही शिक्षणाच्या हिशेबात माझ्या आईचे नाव नाही. तसे ते देहदान करणाऱ्यांचेही नसते. विच्छेदनासाठी देह मिळावेत म्हणून १९४९ साली आपल्याकडे कायदा झाला. तेव्हापासून कितीतरी माणसांनी आपला देह विच्छेदनाच्या टेबलासाठी लिहून ठेवला आणि त्यांच्या मुलांनी, डोळे पुशीत, तो महाविद्यालयाच्या दाराशी पोचता केला. आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, ज्यांच्यासाठी रडायला कोणी आले नाही, असे बेवारसही त्याच टेबलावर झोपले. विद्यार्थ्याचे पहिले गुरू तेच.

सरकार म्हणते, आम्ही खर्च केला. बाप म्हणतो, मी खर्च केला. दोघेही आपापल्या पावत्या दाखवतात. तिसरा देणेकरी पावती दाखवू शकत नाही, कारण त्याला कधी दिलेलीच नसते. पुस्तकाने रोगाचे नाव कळते, रोग मात्र माणसाच्या अंगावरच शिकावा लागतो. कोटी रुपये मोजणारा विद्यार्थीदेखील या देण्यातून सुटत नाही. म्हणून तर नियमाला चारशे नुसत्या खाटा पुरत नाहीत, त्या भरलेल्या लागतात. आणि तपासणीच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतून धडधाकट माणसे आणून त्या भरल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. रोगी नसेल तर सगळे दूध असूनही घुसळायला रवी नाही!

आणि यात सगळ्यात क्रूर भाग पुढेच आहे. एक कोटीचे कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडलेल्या डॉक्टरने ते फेडायचे कोठून? रोग्याकडूनच. तो लोभी असेल असे नाही. हप्त्याची तारीख लोभी असते. एखादी तपासणी जास्त, एखादा दिवस जास्त. म्हणजे शिकवताना रोग्याने आपले शरीर दिले आणि शिकून झाल्यावर त्यानेच पैसेही दिले. एकाच डॉक्टरची किंमत तो दोनदा मोजतो. उलट जो जवळजवळ फुकट शिकला, त्याने तरी रोग्याचे देणे फेडले का? महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्याने एक वर्ष सरकारी सेवा करावी असे बंधपत्र असते. ती न करणाऱ्या एम.बी.बी.एस.साठी वर्षानुवर्षे १० लाख रुपये दंड ठेवलेला होता, आणि तो मोजून मोकळे होणारेही होते. मला त्या मुलांचा राग येत नाही. आपणच त्यांना शिकवले, की सगळ्याला एक रक्कम असते आणि ती टाकली की नाते मिटते.

आमच्या पुण्यातच सैन्यदलाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९४८ सालचे. तिथे शिक्षणाचा भार सरकार उचलते आणि त्या बदल्यात सैनिकांची सेवा मागते. देणे कोणाचे, फेडायचे कोणाला, हे पहिल्या दिवशीच मुलाला ठाऊक असते. तोच हिशेब नागरी महाविद्यालयांना लावता येणार नाही असे मला वाटत नाही. फी कमी असावी आणि सेवा खरीखुरी घ्यावी. जिथे सेवा घ्यायची तिथे डॉक्टरला राहायला खोली, औषधे आणि सोबतीला परिचारिकाही द्यावी. आणि रोग्याला शिकवण्यासाठी तपासण्याआधी त्याची परवानगी घ्यावी. याला काही खर्च येत नाही.

पुढच्या रविवारी मी साताऱ्याला गेलो आणि भावोजींना हे सगळे सांगितले. कलकत्त्याचे ७ रुपये, 'एम्स'चे १ कोटी ७० लाख, ताक आणि लोणी. ते शांतपणे ऐकत होते. आईचे सांगितले तेव्हा ताई आत निघून गेली. त्या सुट्टीत ती रुग्णालयात आईच्या उशाशी रात्री जागत असे. तिला माझ्यापेक्षा जास्त आठवत असणार.

भावोजींनी वही उघडली. 'सरकार' आणि 'पालक' अशा दोन रकान्यांशेजारी पट्टीने रेघ मारून तिसरा रकाना आखला आणि वर लिहिले, 'रुग्ण'. मग पेन हातात धरून बराच वेळ बसले. तीस वर्षे कॅशियरकी केलेल्या माणसाला रकाना मोकळा ठेवता येत नाही. शेवटी त्यांनी तिथे एक आडवी रेघ ओढली.

"याचा आकडा येत नाही," ते म्हणाले. किंमत येत नाही असे काहीतरी जगात आहे हे भावोजींच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो.

भाची दाराशी उभी होती. केव्हापासून, कोणास ठाऊक. ती म्हणाली, "बाबा, जमीन विकू नका. मी आणखी एक वर्ष बसते. नाही मिळालं सरकारी, तर दुसरं काही शिकेन." ताई बाहेर आली आणि म्हणाली, "अगं, लोक विकतातच की. तुझ्याहून का जमीन मोठी आहे?" त्यावर पोरगी जे बोलली ते मी अजून विसरलेलो नाही. "आई, पहिल्या पेशंटला बघताना मला हप्ता आठवायला नको."

ज्यांनी जमिनी विकल्या, पाटल्या मोडल्या, त्यांना मी नावे ठेवीत नाही. मुलाच्या डोळ्यांतले स्वप्न पाहून कोणत्या बापाला वही मिटून ठेवता येते? आणि वर्षभर पुन्हा बसणे हेदेखील काही फुकटचे नव्हते. क्लासची फी होती. पहाटे चारचा गजर होता. "यंदा काय करते हो तुमची मुलगी?" या प्रश्नाला हसून उत्तर देणे होते. वरून तीन प्रश्न पुन्हा चुकण्याची टांगती तलवार. गेल्या दिवाळीत ताईने फराळाचे केले, पण तिच्या चकल्यांना दरवर्षीचा खुसखुशीतपणा नव्हता.

यंदा भाचीला सरकारी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. घरापासून लांब, विदर्भात. मला आनंद झाला, तसेच वाईटही वाटले. कारण तिच्याहून अकरा गुण अलीकडे उभी असलेली दुसरी एखादी मुलगी कोणत्या तरी घरात खिडकीशी बसली असेल आणि तिचा बाप वहीत बेरजा करीत असेल.

परवा रात्री भाचीचा फोन आला. आधी विच्छेदनाच्या वर्गाचे सांगितले. टेबलाला हात लावण्यापूर्वी सगळ्या मुलांनी त्या देहासमोर उभे राहून शपथ घेतली म्हणे, की आम्ही याचा मान राखू. मला बरे वाटले. निदान त्या एका देणेकऱ्याचे नाव हिशेबात चढू लागले आहे.

मग ती म्हणाली, "मामा, आज आम्हाला हृदयाचे आवाज ऐकायला शिकवले. एकमेकांचेच ऐकले. सगळ्यांचे सारखेच, लब-डब, लब-डब. आजीचा वेगळा होता ना? कसा होता?"

मी सांगितले, "जात्यासारखा. आजीनंच सांगितलं होतं."

पलीकडे ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "थांब हं मामा, लिहून घेते."